मदत हवी आहे: कारवीच्या बिया खाणारे किडे मधली वर्षं कुठे काढतात?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतलं कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदम फुलतं, बी धरतं आणि मरतं. एवढं बी एकाच वेळी पडलं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही उरतं, आणि मधल्या वर्षांत त्यांची संख्या रोडावलेली राहते. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ साली बांबूबद्दल हेच मांडलं होतं. उंदीर-पाखरं मात्र मधल्या काळात दुसरं काही खातात. एकाच झाडाच्या बियांवर जगणाऱ्या किड्याने काय करायचं? ओकच्या फळांतल्या सोंडेकिड्यांच्या अळ्या जमिनीत शिरून सुप्त राहतात, आणि एकाच हंगामातल्या काही अळ्या वर्षभराने, तर काही दोन-तीन वर्षांनी बाहेर येतात. एखादं साल फळाविना गेलं तरी सगळा वंश बुडत नाही. पण सात वर्षं म्हणजे फारच झाली!

कारवीची सुकलेली बोंडं पुढच्या पावसाच्या सुरुवातीला तडतडून फुटतात. त्याआधी कुणी ती उघडून पाहिली आहेत का? आत भोकं, अळ्या, भुसा? की हे किडे दरवर्षी फुलणाऱ्या तिच्या भाऊबंदांवर भागवतात? फोटो असेल तर जागा आणि महिना जरूर लिहा. आणि बोंडं डब्यात ठेवून किडे बाहेर येऊ द्यायचे असतील, तर बुरशी कशी टाळता?