अनुभव धागा: अगदी वेगळ्या, छोट्या धंद्यांच्या वेबसाइटवर सोशल मीडियावरून माणसं येतात का?

फाउंटन पेनं, पुणे

आम्ही एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) पेनं हाताने घडवतो, जुनी दुरुस्तही करतो. गिऱ्हाईक देशभर विखुरलेलं, त्यामुळे वेबसाइट हेच दुकान. निब घासतानाचं रील भरपूर लोक बघतात, पण त्या दिवशी साइटवर गर्दी वाढलेली दिसत नाही. इन्स्टाग्रामची रचनाच तशी आहे: कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, बायोतली किंवा स्टोरीतल्या स्टिकरची तेवढी चालते. रील आवडलेल्या माणसाने थांबायचं, प्रोफाइलवर जायचं, मग लिंक दाबायची. तेवढ्यात पुढचं रील सुरू झालेलं असतं.

ज्यांचा माल ठरावीक माणसांनाच लागतो, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. व्ह्यूज सांगू नका. साइटवर माणूस कुठून आला आणि आल्यावर त्याने काय केलं, ते सांगा.

तंतुवाद्यं, मिरज

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तानपुरे होतात. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे गायक आणि त्यांचे शिष्य. आता ज्यांच्या घरात गाणं पहिल्यांदाच आलंय असे लोक विचारतात, परदेशात शिकणारेही विचारतात.

आमच्याकडे माणसं येतात ती यूट्यूबवरून. घोडीवर (तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यावर) तार कशी टेकते, सुताचा धागा कुठे सरकवायचा, आवाज बंद का वाटतो, असा जवारीचा, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी जुळवण्याचा, एक सावकाश व्हिडिओ आहे. रीलच्या मानाने बघणारे फार थोडे. पण व्हिडिओ जुना झाला तरी त्याखालच्या लिंकवरून लोक येतच असतात. ज्याची जवारी बिघडली तो स्वतः शोधत तिथे पोचतो. रील मात्र आपणहून माणसापुढे जातं, आणि त्या वेळी त्याच्या डोक्यात तानपुरा नसतो.

आल्यावर लोक फोटो कमी बघतात. सगळ्यात जास्त वाचलं जातं ते पट्टीचं, म्हणजे गाणाऱ्याच्या मूळ सुराचं पान: काळी चारला गाणाऱ्या बाईंना कुठल्या मापाचा तानपुरा, काळी एकच्या पुरुषाला कुठला. त्याच्या खालोखाल पॅकिंगचं पान, कारण भोपळा प्रवासात फुटेल ही भीती प्रत्येकाला असते. ही दोन पानं नसती तर आलेला माणूस टिकला नसता, असं मला ठाम वाटतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेव्हा फेसबुकवर अभिनंदनाचा पाऊस पडला. साइटवर त्या काळात नवे आले ते बहुतेक गूगलवर मिरजेचं नाव टाकून.

कोल्हापुरी चपला, कोल्हापूर

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सोशल मीडियावर संताप उसळला. आम्ही एक पोस्ट लिहिली होती. २०१९ साली मिळालेलं जीआय महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे, कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) कशी ओळखायची, वेणी कशी घालतात, असं सगळं त्यात होतं. ती दूरवर शेअर झाली आणि साइटवर कधी नव्हे एवढे लोक आले.

पण त्यांना बातमी वाचायची होती. एक पान बघून गेले, खरेदी नेहमीएवढीच. तरी त्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या सुमाराला विचारायला आलेले अनेक जण "तुमची ती पोस्ट वाचली होती" म्हणाले. फक्त हे आकडेवारीत कुठे दिसत नाही, गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. आणि मापाची अडचण आधी सोडवा. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ मारा आणि फोटो पाठवा, असं आम्ही साइटवर चित्रासकट लिहिल्यापासून आलेली माणसं अर्ध्यातून परत जात नाहीत.

देशी बियाणं, नाशिक

फेसबुकवरच्या गच्चीबागेच्या गटांमधून येतात. बऱ्याच गटांत जाहिरात चालत नाही, म्हणून मी लिंक देतच नाही, फक्त उत्तरं देते. काकडीला नुसती नर फुलंच का येतात, हे दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. सुरुवातीला नर फुलं येणारच, मागून मादी येतात. असं चार ओळींत नीट सांगितलं की लोक प्रोफाइलवर जाऊन साइट शोधून काढतात. मृगाच्या आसपास सर्वाधिक.

हापूस, देवगड

आमचा अनुभव उलटा आहे. साइटवर माणसं यावीत अशी गरजच पडत नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं की पेट्यांची मागणी तिथेच येते. मात्र नवीन माणूस पैसे पाठवण्याआधी साइट उघडून बघतो, बाग खरी आहे ना, पत्ता आहे ना. देवगडच्या नावाने काहीही विकलं जातं, त्यामुळे त्याचं चुकत नाही. आमच्यासाठी साइट एवढ्यासाठीच.

फाउंटन पेनं, पुणे

देवगडकर, एक सुचवतो. व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं त्याच्या मोजणीत) बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून मोजला जातो, जणू त्याने पत्ता स्वतः टाइप केला. लिंकच्या शेवटी यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा, स्टेटसला वेगळी आणि ग्रुपला वेगळी. मग खरं चित्र दिसेल.

गोधड्या, सातारा

आमच्याकडच्या बायका हाताने गोधड्या शिवतात. टाके घालतानाचे व्हिडिओ टिकटॉकवर खूप चालायचे. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली आणि सगळे फॉलोअर एका रात्रीत गेले. तोवर ज्यांनी साइटवर येऊन जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेतली होती, त्यांचे फोन नंबर आमच्या वहीत होते. त्या वहीवर ते वर्ष निघालं. आजही इन्स्टाग्रामवर असतोच, पण आलेल्या प्रत्येकाला आधी साइटवर नाव-नंबर नोंदवायला सांगतो. व्हिडिओ कितीही गाजू दे, तो परका ओटा आहे.

मिरजेच्या दादांना विचारायचं होतं: व्हिडिओ कुठल्या भाषेत करता? आम्हाला हिंदीत करा असं सगळे सांगतात.

तंतुवाद्यं, मिरज

ताई, बोलतो मराठीतच. हात काय करतोय ते दिसतं, तेवढं बाहेरच्यांना पुरतं. शीर्षकात मात्र 'तानपुरा जवारी' हे शब्द देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत लिहितो, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं. तुम्ही गोधडीचा पूर्ण व्हिडिओ टाका. यूट्यूबच्या शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या व्हिडिओंच्या वर्णनातली लिंक २०२३ पासून दाबता येत नाही. आणि लिंक साइटच्या पहिल्या पानाची देऊ नका. एका गोधडीला किती साड्या लागतात, त्या कशा पाठवायच्या, हे जिथे लिहिलंय त्या पानाची द्या.