बांगड्या घातल्या म्हणून आईला प्रभूभोजन दिलं नाही, पाळकांना जाब कुणी विचारायचा?

खानापूरची_लेक:
सलाम सगळ्यांना. आमची मंडळी, म्हणजे चर्च, छोटी, स्वतंत्र हाय, पंचवीसेक घरं. नवे पाळक (पास्टर) आल्यापासून टिकली नको, गजरा नको, बांगड्या नकोत, पोरांनी केस वाढवायचे नाहीत असं सुरू झालंय. मागच्या रविवारी प्रभूभोजनात, येशूच्या आठवणीत भाकरी वाटतात तेव्हा, भाकरीचं ताट आईपर्यंत आलं आणि पाळकांनी हात आडवा धरून ते पुढं नेलं, सगळ्यांसमोर. तिच्या हातात दोन काचेच्या बांगड्या, सोनं नव्हं. बाबा वारले तेव्हा शेजारच्या बायका बांगड्या फोडायला आलेल्या, तेव्हाच्या पाळकांनीच थांबवलं होतं, ख्रिस्तात असं नसतं म्हणून. आणि आता आई साबण लावून बांगड्या ओढत बसली, सांधे सुजलेत तिचे, एक फुटली आणि मनगट कापलं. मी विचारायला गेले तर म्हणाले बायबलमधलं १ पेत्र ३:३ वाच, आणि उद्या कब्रस्तानात जागा लागते हे पण ध्यानात ठेव. यांच्या वर कुणीच नसतं का?

कॅम्प_बेळगाव:
ताई, आईला आधी डॉक्टरला दाखवा. त्या वचनात केस गुंफणं, सोनं आणि कपडे घालणं एकाच ओळीत आहे, मग कपडे पण बंद करणार का? आणि तोच पेत्र ५:३ मध्ये वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, सांगतो की कळपावर धनीपणा करू नका, ते कोण वाचणार. आमच्या मेथडिस्टात पाळकावर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, त्यावर बिशप. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ पासून आहे, तिथं बिशपकडं जाता येतं. तुमचं तसं नाही, म्हणून मंडळीची नोंदणी ट्रस्ट म्हणून आहे का सोसायटी म्हणून ते बघा. सोसायटी असेल तर कर्नाटकचा १९६० चा कायदा लागतो, वर्षातनं एकदा सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि एक तृतीयांश सभासदांनी अर्ज दिला तर रजिस्ट्रारला चौकशी करावी लागते. बांगडीचा निकाल रजिस्ट्रार देणार नाही, पण हा नियम कुठल्या सभेत झाला, कब्रस्तान कुणाच्या नावावर आहे, हे विचारता येतं.

चिकोडी_८५:
आमच्यात पण दागिने नाहीत, आजीच्या काळापासनं. पण ते बायकांनीच बसून ठरवलेलं, कारण अंगावर सोनं नसलेल्या बाया लाजून मागं बसायच्या. मला तो नियम आवडतो. तरी कुणाचं ताट आम्ही कधी अडवलं नाही. मत्तय १८:१५ प्रमाणं आधी एकट्यात बोलायचं असतं, यांनी थेट चारचौघांत केलं.

निपाणीचे_काका:
बाळ, मी मंडळीत बारा वर्षं वडील होतो. एका पोराला लांब केसांवरनं मीच दारातनं परत पाठवलं, पाळक म्हणाले आणि मी उठलो, कुठं लिहिलंय हे विचारलं पण नाही. तो परत कधी आला नाही, त्याच्या आईच्या मातीला पण बाहेरच उभा होता. त्यामुळं फक्त पाळकांना नको, तुमच्या मंडळीच्या वडिलांना पण विचारा, ताट अडवलं तेव्हा तुम्ही गप्प का बसला. १ तीमथ्य ५:१९ बघ, दोन-तीन साक्षीदार असले की वडिलांवरचा आरोप ऐकून घ्यावा लागतो.

खानापूरची_लेक:
काका, आईजवळ बसलेल्या तिघी सही करायला तयार आहेत. नोंदणी सोसायटीचीच आहे, भावानं कागद बघितला. अर्ज मराठीत चालतो का कन्नडच पाहिजे?

कॅम्प_बेळगाव:
कन्नडमध्येच द्या ताई, लवकर हलतं. मजकूर मराठीत पाठवा, मी करून देतो. पण एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतील, तिघींवर भागणार नाही.