मदत हवी आहे: रात्री कूस बदलायची की झोपू द्यायचं?

वडील, वय ८४, अर्धांगवायू. स्वतःहून कूस बदलता येत नाही. पडून राहून दाबाने होणारी जखम (बेडसोअर) नाही, माकडहाडावर लाली येते, पण बोटाने दाबली की फिकी पडते. मधुमेह नाही. कॅथेटर (लघवीची नळी) असल्याने ओल राहत नाही.

रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलतो. कातडी शाबूत आहे, पण झोप पार मोडते. मग दिवसभर ग्लानी, जेवण निम्म्यावर, बोलणंही नकोसं. नुसती कातडी जपून काय करायचं, माणूस सुखात हवा.

हवेची गादी आहे, पंप वजनानुसार लावलाय. गादीखाली हात घालून पाहिलं, अंग खाली पलंगाला टेकत नाही. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल देतो. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर नेत नाही, नाहीतर अंग घसरतं आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. झोपेची गोळी नको, आधीच गिळताना ठसका लागतो.

शुश्रूषेचा अनुभव असलेल्यांना विचारतो: अशा स्थितीत रात्रीपुरतं अंतर चार तासांवर नेता येईल का? मध्ये न उठवता नुसती उशी थोडी सरकवली तर तेवढ्याने दाब हलतो का? आणि दाबूनही न जाणारी लाली सोडून आणखी काय दिसलं, की लगेच दोन तासांवर परत यायचं?