रोजचं विमान आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. दादाने दुसरी गाडी घ्यावी का?

वैशाली_धानोरी

नमस्कार मंडळी. मी धानोरीत राहते, माहेर मराठवाड्यात. गावाचं आणि विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळा धागा कंपनीला शिव्या घालण्यात जातो, आणि मला खरंच सल्ला हवाय.

आमच्याकडून पुण्याला रोज विमान होतं. छोटं, पंख्याचं. सकाळी नऊच्या आत लोहगावला उतरायचं आणि संध्याकाळी परत. मार्चअखेरीस उन्हाळी वेळापत्रक लागलं तसं ते सोमवार, बुधवार, शुक्रवार झालं. वेळही बदलली. आता दुपारी तीननंतर पुण्याहून तिकडे जातं आणि अर्ध्या तासात परत फिरतं.

माझा मोठा भाऊ तिथल्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. एक अर्टिगा आहे, तिचे हप्ते संपत आलेत. विमान रोजचं होतं तेव्हा त्याने दुसऱ्या गाडीसाठी बँकेत फाइल टाकली होती, ती नेमकी आत्ता मंजूर झालीय. शिवाय टर्मिनलमधल्या चहा-नाश्त्याच्या स्टॉलची निविदा निघालीय आणि वहिनीला ती भरायची आहे. वहिनीच्या हातचा मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन लोक डबा भरून नेतात, त्यामुळे चालण्याची शंका नाही. पण भाडं दरमहा ठरावीक आहे, विमान येवो न येवो.

दादा म्हणतो, ज्या दिवशी विमान नसतं त्या दिवशी गेटवर पोलीस, आत झाडणारी बाई आणि अग्निशमनवाले. बाकी शुकशुकाट. तरी त्याला वाटतंय की दिवाळीपर्यंत सगळं पूर्ववत होईल. माझ्या मनात धाकधूक आहे. तीन दिवसांवर आलेलं विमान पुन्हा रोजचं होतं का? की बंद पडायची ही पहिली पायरी? कोणाला आतली माहिती असेल तर कृपया सांगा.

सुहास_कोथरूड

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ही विमानं म्हणजे नव्याचे नऊ दिवस. संगमवाडीहून रात्री स्लीपर लक्झरीत बसलं की सकाळी घरी. सामानाचं वजन नाही, दोन तास आधी पोचायची कटकट नाही. सत्तरेक लोकांच्या सोयीसाठी सरकारने पैसे का ओतायचे, हेच मला कळत नाही. तेवढ्यात एसटीच्या चांगल्या गाड्या येतील. भावाला सांगा, गाडी घ्यायचीच असेल तर लग्नसराई आणि पुण्याच्या भाड्यांवर घे. विमानतळाच्या नादी लागू नको.

लोहगाव_रॅम्प

वैशालीताई, मी लोहगावला ग्राउंड हँडलिंगमध्ये नोकरी केली, आता निवृत्त होऊन विश्रांतवाडीत असतो. छोट्या विमानांचं लोडशीट, म्हणजे माणसं, सामान आणि इंधनाच्या वजनाचा हिशोब, बनवणं हे माझं रोजचं काम होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देतो. दुसरी गाडी केवळ विमानतळाच्या भरवशावर घेऊ नये. सुहासराव म्हणतात तेच, पण कारण वेगळं आहे.

फेरी बंद झाली की प्रवासीच नव्हते असं सांगितलं जातं. मी ज्या फेऱ्या जाताना पाहिल्या त्यांत आधी वेळापत्रक विस्कटलं आणि प्रवासी नंतर गेले. छोट्या गावाहून रोज पुण्याला येणारा माणूस कोण असतो? कोर्टात तारीख असलेला वकील, फॉलोअपला येणारा पेशंट आणि सोबत त्याचा मुलगा, मार्केट यार्डात हिशोब मिटवायला आलेला अडत्या, बियाणं कंपनीचा एरिया मॅनेजर. ही माणसं सकाळी येऊन रात्री घरी जेवायला जाणारी. त्यांना सोमवारी दुपारी विमान दिलं तर मंगळवारचं काम करून बुधवारपर्यंत पुण्यात थांबावं लागतं. हॉटेलचा खर्च धरला की तिकीट दुप्पट पडतं. ती एकदा लक्झरीकडे वळली की सहजी परत येत नाहीत. मग कंपनी आकडे काढते, लोड नाही म्हणते आणि तीनाचे दोन दिवस होतात. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की शेवटी दोष गावावर येतो.

आता मुळात फेऱ्या कमी का होतात ते बघा. प्रादेशिक कंपनीकडे विमानं मोजकी. एकच एटीआर, म्हणजे तुमच्याकडे येतं तसं पंख्याचं विमान, सकाळी निघून दिवसभरात चार-पाच ठिकाणी उतरतं. विमानाचं भाडं तर महिन्याला ठरलेलं, उडालं तरी आणि उभं राहिलं तरी. सकाळी पहिल्या ठिकाणी उशीर झाला की तो वाढत वाढत शेवटच्या गावापर्यंत जातो. त्या गावाला रात्री उतरायची सोय नसेल तर सूर्यास्ताआधी येऊन परत उडावंच लागतं. वेळ जमत नसेल तर तीच फेरी रद्द होते. एखादं विमान दुरुस्तीला हँगरमध्ये गेलं तरी कात्री याच फेऱ्यांना लागते, कारण मोठ्या शहरांमधल्या फेऱ्यांवर पैसा जास्त मिळतो.

आणि पुण्याचं दुखणं वेगळंच. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. लांबी २,५३५ मीटर, शेजारी सुखोईंचा तळ. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, बसायला ऐसपैस जागा झाली, पण विमानं उतरतात त्याच एका धावपट्टीवर आणि हवाई दलाच्या वेळा सांभाळून. सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यांना हवी असते. दिल्ली-बेंगळुरूहून येणारं १८० सीटचं विमान आणि तुमच्या गावचं ७० सीटचं विमान, दोघांनाही स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची राखीव वेळ, एकच लागतो. म्हणून छोटं विमान दुपारकडे सरकतं. तुमच्या फेरीचंही तसंच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

दुपारची वेळ मराठवाड्यात आणखी वाईट. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद उतरते आणि उडताना वजन कमी ठेवावं लागतं. त्यात धावपट्टी आखूड असेल, गावात इंधन भरायची सोय नसेल, तर परतीचं इंधनही पुण्याहूनच भरून न्यायचं. त्याचं वजन आलंच. अशा दिवशी मी लोडशीटवर सीटा बंद ठेवल्या आहेत. काउंटरवर माणसं तिकिटासाठी उभी असायची आणि आम्ही आत सीट रिकाम्या सोडायचो. महिन्याच्या अहवालात मात्र एवढंच दिसतं की विमान भरून गेलं नाही.

विमानतळावर काय परिणाम होतो तेही सांगतो, कारण तुमच्या वहिनींच्या स्टॉलचा त्याच्याशी संबंध आहे. विमान एक असो की पाच, अग्निशमनाची गाडी, सुरक्षेची माणसं, धावपट्टीची देखभाल हे सगळं ठेवावंच लागतं. उत्पन्न मात्र विमानांवर. उडान या छोट्या गावांसाठीच्या सरकारी विमान योजनेतल्या फेऱ्यांना तर लँडिंग आणि पार्किंगचे पैसेही लावत नाहीत. फेऱ्या घटल्या की कंपनी आपली माणसं हलवते, एकाच माणसाकडे काउंटर, सामान आणि घोषणा असं सगळं येतं. यंत्रं उभी राहून खराब होतात. एक उदाहरण देतो. मोठ्या विमानाच्या शेपटीत जमिनीवर वीज पुरवणारं छोटं इंजिन असतं, एटीआरला ते नसतं. उजवं इंजिन चालू ठेवून पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि त्यावर दिवे-एसी चालवतात. खाली विमानाला वीज पुरवणारी गाडी असेल तर हे इंधन वाचतं. आठवड्यात चार दिवस काम नसलं की त्या गाडीची बॅटरी बसते, नेमक्या वेळी ती चालू होत नाही आणि विमान इंधन जाळत उभं राहतं. ठिकाण महाग पडतं असा शेरा बसायला एवढं पुरतं.

आता सरकारी पैशाचं. उडान योजनेत पहिली तीन वर्षं तोट्याची भरपाई मिळते, त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. त्या काळात त्या मार्गावर दुसरी कंपनी येत नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे मला पाठ झालेत. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले, ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यातले ५४ चालू होते. नांदेडचंच बघा. एप्रिल २०१७ मध्ये उडानच्या पहिल्या फेऱ्यांत नांदेड-हैदराबाद होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट या विमान कंपनीची उड्डाणं थांबली आणि नांदेडला पुन्हा नियमित विमान आलं ते मार्च २०२४ च्या अखेरीस. गुरुद्वारा आहे, जगभरातून भाविक येतात, चांगली धावपट्टी आहे, तरी दोन वर्षं गेली. म्हणून तुमची फेरी उडानमधली असेल तर तीन वर्षं कधी भरतात हे दादाला आधी शोधायला सांगा.

स्टॉलबद्दल. ठरावीक भाड्यावर सही करू नका. विक्रीतला टक्का द्यायची तयारी दाखवा, किंवा ज्या दिवशी विमान नाही त्या दिवसाचं भाडं नाही अशी अट लेखी मागा. रिकामा स्टॉल त्यांनाही नको असतो, निविदापूर्व बैठकीत हे बोलता येतं.

सोलापूरकर_हडपसर

रॅम्पकाका, तुमचं एकेक वाक्य पटलं. आमच्याकडे सोलापुरात विमानाच्या वाटेत येणाऱ्या चिमणीवरून केवढा गदारोळ झाला होता. साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं जून २०२५ मध्ये. चिमणी गेल्यावर दोन वर्षं. त्या वेळी गावातल्या कोणाशीही बोला, सगळे विचारायचे विमान कधी. कुठल्या वेळेला हवं, परतीचं कसं, हे कोणी विचारत नव्हतं.

वैशालीताई, तुमच्या गावच्या व्यापारी संघटनेला सकाळच्या वेळेसाठी पत्र द्यायला सांगा. फक्त ‘विमान रोज करा’ असं लिहून फारसं काही होत नाही.

सुहास_कोथरूड

काका, सीटा रिकाम्या ठेवाव्या लागतात हे माहीत नव्हतं. तरी माझा मूळ प्रश्न आहेच. मोठ्या कंपन्याही हव्या तेव्हा फेऱ्या कापतात, मग छोट्या गावासाठी एवढा आटापिटा कशाला?

लोहगाव_रॅम्प

सुहासराव, मोठ्या कंपनीने कापलं तर पुण्याच्या माणसाला दुसरं विमान मिळतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून इंडिगोचा गोंधळ झाला, तेव्हा सरकारने त्यांना १० टक्के उड्डाणं कमी करायला लावली. पण सगळी ठिकाणं चालू राहतील असंही त्याच वेळी सांगितलं गेलं. म्हणजे जिथे दिवसाला दहा विमानं तिथे नऊ. गावाला एकच विमान असेल तर त्यातून काय काढणार? एसटी हवीच, माझा तिला विरोध नाही. पण केमो घेऊन निघालेल्या माणसाला रात्रभर रस्त्याने हादरे खात जाताना एकदा बघा. मी अशा माणसांना व्हीलचेअरवरून शिडीपर्यंत सोडलंय. पन्नास मिनिटांत घरी पोचणार म्हणून त्यांच्या घरचे लोक किती निश्चिंत असायचे.

माझी तक्रार पैसे देण्यावर नाही. पैसे फेरी उडाली की मिळतात, ती माणसांच्या उपयोगाच्या वेळी उडाली का हे कोणी तपासत नाही. भरपाई द्यायचीच तर पुण्यातला सकाळचा स्लॉट त्या गावाच्या नावाने राखून ठेवा. कंपनी बदलली तरी स्लॉट गावाचाच राहील. पुरंदरचा विमानतळ होईल तेव्हा होईल, तोवर लोहगावच्या स्लॉटमधला एवढासा वाटा छोट्या गावांना मिळायला हरकत नसावी.

वैशाली_धानोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाशी फोनवर बोलले. विमान उडानमधलंच आहे, तिसरं वर्ष येत्या हिवाळ्यात भरतं. हे त्यालाही माहीत नव्हतं, विमानतळावरच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं. रात्री उतरायचे दिवे बसवलेत, पण परवानगी अजून यायची आहे. दुसऱ्या गाडीचं तो थांबवायला तयार झालाय, बँकेला कळवेल. वहिनी मात्र स्टॉलवर अडून बसलीय. काका, दिवाळीनंतर विमान राहणार की नाही हे आधी कळायची काही खूण असते का?

लोहगाव_रॅम्प

असते. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागतं. त्यानंतरच्या तारखांची तिकिटं कंपनीच्या साइटवर दिसतात का ते ऑगस्टपासून बघत राहा. बाकी सगळ्या मार्गांची विक्री सुरू आणि तुमचीच नाही, असं दिसलं तर समजून जा. दुसरं, कंपनीचा स्वतःचा इंजिनीअर आणि स्टेशन मॅनेजर गावात राहतात का, की विमानाबरोबर येऊन विमानाबरोबर जातात? घरभाड्याचा करार मोडला की दादाला टॅक्सी स्टँडवर आधी कळेल.

रात्रीच्या परवानगीचा पाठपुरावा गावाने आत्ताच करावा. ती मिळाली की संध्याकाळची उशिराची फेरी रद्द होणार नाही आणि सकाळी येऊन रात्री परत जायची सोय पुन्हा होऊ शकेल. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचेच खासदार आहेत, संघटनेच्या पत्राची एक प्रत त्यांच्याकडे द्या, एक तुमच्या खासदारांकडे. पत्रात प्रवाशांची यादी जोडा. कोणते डॉक्टर, वकील, व्यापारी सकाळचं विमान असेल तर महिन्यातून किती वेळा जातील, सही-शिक्क्यासह. कंपनीत मार्ग ठरवणाऱ्या नेटवर्कवाल्यांना असा कागद फार क्वचित बघायला मिळतो.

वहिनींना सांगा, निविदेतली भाड्याची अट बदलली तरच भरा. नाही बदलली तर विमानतळाबाहेर, रस्त्यावरच्या फाट्यावर गाळा मिळतो का बघा. तिथे विमान नसलं तरी गिऱ्हाईक येईल, आणि विमानाच्या दिवशी दादा प्रवाशांना आधी तिथेच थांबवेल.