अरेंजर कीबोर्ड घेताना आधी काय बघता : टोन की डाव्या हाताची साथ?

खर्जातला
अरेंजर, म्हणजे आपल्या कॉर्डवर (एकत्र दाबलेल्या स्वरांवर) ड्रम-बेसची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड, घ्यायचा विषय निघाला की गाडी लगेच टोनवर येते. कुणाचा सॅक्सोफोन खरा वाटतो, कुणाच्या स्ट्रिंग्ज भरदार आहेत. मला हा क्रमच उलटा वाटतो. उजव्या हाताचं वादन कुठल्याही चांगल्या कीबोर्डवर होतं. अरेंजर वेगळा ठरतो तो डाव्या हातामुळे, कारण तिथे आपण कॉर्ड देतो आणि ड्रम, बेस, गिटार सगळे त्या कॉर्डमागे चालतात. म्हणून मी आधी बघतो की माझी कॉर्ड त्याला कळते का.

सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन घ्या. सी, ई, जी, ए हे चारही स्वर दोन्हींत तेच. मग बेसने सी धरायचा की ए? यामाहाच्या साध्या ‘फिंगर्ड’ मोडमध्ये इथे सगळ्यात खालचा स्वर निर्णय देतो. पण त्याच मोडमध्ये सी मेजर उलटी करून ई खाली ठेवली तरी बेस सी वरच राहतो. ‘फिंगर्ड ऑन बेस’ लावलं की मात्र बेस खरोखर ई वर उतरतो. ज्याच्या गाण्यात बेसची चाल सी, बी, ए अशी पायरीपायरीने खाली येते, त्याचं अख्खं गाणं या एका सेटिंगवर उभं असतं. हाती कीबोर्ड आला की लोक डेमोचं बटण दाबतात. मी म्हणतो, तुमच्या गाण्यातली सगळ्यात अडचणीची कॉर्ड आधी दाबा.

पट्टीबदल
अजिबात पटलं नाही. समोर बसलेल्याला सी सिक्स आणि ए मायनर सेव्हनशी काही देणंघेणं नसतं. पहिल्या ओळीतच त्याला कळतं की बासरी बासरी आहे की प्लास्टिकची शिट्टी. कॉर्ड ओळखणं आज सगळेच चांगले अरेंजर बऱ्यापैकी करतात, फरक उरतो तो आवाजात. यामाहाच्या जेनॉसवरचे सुपर आर्टिक्युलेशन २ चे टोन वाजवून बघा. स्वर जोडून वाजवला तर मधली घसट ऐकू येते, बोट उचलून वाजवला तर नवी फुंक. केट्रॉन कंपनीच्या ऑडिओ ड्रम्समध्ये तर खऱ्या ड्रमरचं रेकॉर्डिंगच वाजतं. आपण वादक आहोत, आपलं नाव आवाजावर होतं.

खर्जातला
@पट्टीबदल, ऑडिओ ड्रम्स मलाही ऐकायला आवडतात. पण मूळ लयीपासून फार लांब नेले की ताण जाणवतो, आणि त्या रेकॉर्डिंगमधला एकटा स्नेअर ड्रम खटकला तर नेहमीच्या मिडी ड्रम किटसारखा (जिथे प्रत्येक ड्रम वेगळा असतो) तेवढाच बदलता येत नाही. सुंदर आवाज आणि न ऐकणारा साथीदार ही जोडी मला नको.

रात्रवादक
तुम्ही दोघं घरी बसून निवडताय असं वाटतं. रोज गायकांबरोबर वाजवणाऱ्याला विचारा, तो बटणांबद्दल बोलेल.

मध्येच गायक म्हणतो, अर्धा सूर वर घ्या. ट्रान्सपोजचं बटण न बघता सापडलं पाहिजे. मग अंतऱ्याला बासरी जाऊन व्हायोलिन यायला हवं, म्हणून पुढचं रजिस्ट्रेशन (आधी साठवलेल्या सेटिंगचा संच) दाबलं. ‘फ्रीझ’ लावलेलं नसेल तर त्या रजिस्ट्रेशनमध्ये साठवलेली जुनी लय आणि जुना ट्रान्सपोज परत येतो, आणि गायक तोंडघशी पडतो. फ्रीझमध्ये स्टाइल (साथीचा तयार साचा), लय, ट्रान्सपोज यांतलं काय जागच्या जागी ठेवायचं ते आधीच ठरवता येतं. कॉर्गच्या साँगबुकची पद्धत वेगळी आहे. तिथे गाण्याच्या नावाची नोंद उघडली की स्टाइल, लय, टोन सगळं एकदम समोर येतं. मला यामाहाची पद्धत हाताला बसलीय, माझ्या जोडीदाराला कॉर्गची. आम्ही एकमेकांच्या कीबोर्डवर बसलो तर दोघांचीही बोटं अडखळतात.

आणि टचस्क्रीन कितीही मोठी असो, फिल (मधला छोटा ड्रमचा तुकडा) आणि एंडिंगला खरं बटण हवं. पायाखाली पेडल असेल तर उत्तमच. दोन्ही हात गुंतलेले असताना स्क्रीनला बोट कोण लावणार?

तिसरं_सप्तक
स्टाइल स्वतः बनवणाऱ्यांची बाजू कुणी मांडलीच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तयार स्टाइल वाजवायच्या असतील तर वरचे सगळे मुद्दे ठीक. पण मला माझा ठेका, माझी गिटारची चाल हवी असते. यामाहामध्ये स्टाइल बनवताना मूळ कॉर्ड साधारणपणे सी मेजर सेव्हन धरतात. तुम्ही एक चाल त्या कॉर्डवर वाजवता आणि बाकीच्या कॉर्डना ती कशी वळवायची याचे नियम नोट ट्रान्स्पोझिशन टेबलमधून निवडता. नियम नीट निवडला तर मायनरला ई चा ई फ्लॅट होतो आणि चाल गोड राहते. चुकीचा निवडला तर बेस एखाद्या कॉर्डवर असा स्वर लावतो की सगळं वाजवणं कच्चं वाटतं.

कॉर्गच्या पीए मालिकेतही असे नियम आहेत, पण तिथे एका व्हेरिएशनसाठी (स्टाइलच्या एका प्रकारासाठी) ६ पर्यंत वेगवेगळ्या चाली भरता येतात. मेजरला एक, मायनरला दुसरी, सेव्हन्थला तिसरी. कष्ट जास्त आहेत. पण मायनरला माझा गिटारवाला जे खरोखर वाजवेल तेच वाजतं, गणिताने वळवलेलं नाही. माझी निवड इथे ठरली आणि ती बदलायचं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

@खर्जातला, तुमचा मुद्दा अर्धाच आहे. कॉर्ड ओळखून थांबायचं नसतं. ओळखल्यावर काय वाजतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारा मी असावा असं मला वाटतं.

आणखी एक. दोन कंपन्यांच्या स्टाइल एकमेकांत थेट चालत नाहीत. रूपांतराची सॉफ्टवेअर आहेत, पण त्यानंतर ड्रम किट आणि आवाजाचे तोल हाताने लावत बसावं लागतं. वर्षानुवर्षं जमवलेला संग्रह असलेला माणूस कंपनी बदलत नाही, त्याला हट्टी म्हणू नका.

नवीनशिकतेय
माझा प्रश्न साधा आहे. ६१ कीज पुरतात का? की पहिल्यापासून ७६ चा घ्यावा?

रात्रवादक
@नवीनशिकतेय, यामाहाचा स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताच्या कीजमधली सीमा) मुळात एफ शार्प २ वर असतो. ६१ कीजच्या कीबोर्डवर डाव्या हाताला १९ आणि उजव्याला ४२ कीज उरतात, म्हणजे साडेतीन सप्तकं. गाण्याची साथ करायला पुरतात. पियानोसारखं दोन्ही हात मोकळे सोडून वाजवायचं असेल तर अपुऱ्या पडतात. जेनॉसला ७६ आहेत, त्यातल्या खाली ८ आणि वर ७ जास्तीच्या. पण त्याला अंगचे स्पीकर नाहीत, तेही धरून चला. कॉर्गचा पीए ५ एक्स ६१, ७६ आणि ८८ अशा तिन्हींत येतो. उचलून न्यायचा असेल तर माझं मत ६१.

लूपवाली
एवढं सगळं करण्यापेक्षा लॅपटॉपवर ट्रॅक बनवा आणि हाताखाली एक चांगला स्टेज पियानो ठेवा. आवाज अरेंजरपेक्षा सरस मिळतो, स्टाइलच्या चार व्हेरिएशनमध्ये अडकायला होत नाही. पाचव्या गाण्याला मागचाच फिल परत ऐकू आला की मला अरेंजर लगेच ओळखू येतो.

रात्रवादक
@लूपवाली, फिलचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण गायक एक ओळ विसरून थेट धृपदावर आला तर ट्रॅक थांबत नाही. अरेंजरवर मी कॉर्ड धरून ठेवतो, दोन मात्रांत त्याला गाठतो आणि फिल मारून पुढे जातो. एकट्याने साथ करणाऱ्याला हे सोडता येत नाही.

लूपवाली
गायकाने तालीम करून यावं की.

खर्जातला
@तिसरं_सप्तक, तुमचं म्हणणं मान्य. पण स्वतः स्टाइल लिहिणारे थोडे. बाकीच्यांना तयार स्टाइलच वाजवायची असते, तिथे कॉर्ड कशी ओळखली जाते हेच आधी येतं. माझा क्रम तोच राहतो.

पट्टीबदल
आणि माझाही. फक्त एक सांगतो, आवाज अंगच्या स्पीकरवर ठरवू नका. ते त्या पेटीला साजेसे लावलेले असतात, बेस फुगलेला वाटतो. लाइन आउट काढून ज्या स्पीकरवर तुम्ही खरंच वाजवता त्यावर ऐका. स्टाइल बंद करून नुसता उजव्या हाताचा टोन, खालच्या स्वरापासून वरपर्यंत, हळू आणि जोरात दोन्ही. टोन बारीक पडतो तो साधारण वरच्या सप्तकात, आणि डेमोमध्ये तेवढ्या वर कुणी जात नाही.