मदत हवी आहे: गेम चांगला असतो की ओळखीच्या पात्रामुळे तसा वाटतो?

मंडळी, १९८७ साली जपानमध्ये 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा गेम आला. पुढच्या वर्षी त्यातली पात्रं काढून गाजलेल्या मारिओ गेम्समधले मारिओ, लुइजी, पीच आणि टोड बसवले, थोडेफार बदल केले आणि अमेरिकेत तो 'सुपर मारिओ ब्रदर्स २' झाला. जमिनीतून भाज्या उपटून शत्रूवर फेकायची गंमत मात्र मूळचीच.

परवा भाच्याने विचारलं, "मामा, यात मारिओ नसता तर खेळला असतास?" उत्तरच सुचेना. ओळखीचा चेहरा दिसला की मी बरंच पोटात घालतो. एका रेसिंग गेममध्ये (नाव राहू दे) गाडी दर वळणावर भिंतीला चिकटायची, तरी महिनाभर खेळलो. अनोळखी पात्र असतं तर दुसऱ्याच दिवशी डिलीट!

तर, एकच गेम दोन्ही रूपांत कुणी खेळलंय का? 'पुयो पुयो' (रंगीत गोळे जुळवायचा जपानी गेम) आणि त्यावरच सॉनिक या दुसऱ्या गाजलेल्या गेम-पात्राचा खलनायक चढवून केलेलं १९९३ चं 'मीन बीन मशीन', ही जोडीही चालेल. आधी कुठलं खेळलात आणि हात कुठल्यात जास्त रमला, तेवढं सांगा. भाच्याला उत्तर द्यायचंय.