मदत हवी आहे: मी हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर बोललो की शेजारच्या आजींची बेल वाजते

नमस्कार मंडळी,

नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो. हॅम रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना आहे, सेट १०० वॅटचा. दिवाळीनंतर गच्चीवर २० मीटरची एंड-फेड (एका टोकाला जोडणी असलेली) अँटेनाची तार ओढली, पाण्याच्या टाकीपासून मागच्या नारळापर्यंत.

समोरच्या ब्लॉकमध्ये काकू आणि त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असतात. आजींच्या उशाशी बेलचं बटण आहे. तिथून वायर भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात जाते, तिथे सेलवर चालणारी बेल. मी ७.१ मेगाहर्ट्झला (म्हणजे ४० मीटर बँडवर) बोलायला लागलो की ती आपोआप वाजते. पंधरा दिवस काकू रात्री धावत येत होत्या आणि आजी सांगत होत्या, "मी नाही गं दाबली." काकूंना वाटलं, आजींना आता विसर पडायला लागला. एकदा जिन्यात त्यांनी हे सांगितलं. लॉगबुक काढून बघतो तर वेळा तंतोतंत जुळल्या. फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी जाऊन दोघींना खरं काय ते सांगितलं आणि ४० मीटर बंद ठेवलं.

मग काकूंच्या परवानगीने बायको तिकडे फोनवर उभी राहिली, मी इकडे सेटवर. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, लहरी बाहेर न सोडणारा रोधक) १०० वॅटला बेल गप्प. अँटेनावर १०० वॅटला वाजते, २० वॅटला नाही. १४ मेगाहर्ट्झला बेल वाजत नाही, पण काकूंच्या साउंडबारमधून माझा आवाज बदकासारखा येतो. आमच्या टीव्हीला काहीच होत नाही. बेलची वायर टेपने मोजली तर साडेनऊ मीटर, म्हणजे ४० मीटरची जवळपास पाव तरंगलांबी!

तरी आधी माझ्या बाजूचं निस्तरायचंय. कोअ‍ॅक्स (अँटेनापासून सेटपर्यंतची केबल) काकूंच्या खिडकीला अगदी लागून खाली उतरते आणि केबलच्या तारांच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूने करंट येत असणार असा संशय आहे. सेटजवळ चोक (हा बाहेरचा करंट अडवणारा) लावला, फरक किरकोळ. तो वर, तार आणि कोअ‍ॅक्स जुळवणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरपासून किती अंतरावर लावावा? की एंड-फेड काढून मध्ये १:१ बालन (केबल आणि अँटेना यांमधला जोड) लावलेला डायपोल (मधोमध जोडणी असलेली दोन भुजांची अँटेना) टाकू? गच्ची १४ मीटरच आहे, दोन्ही टोकं खाली वाकवावी लागतील. कोणी असं केलंय का?

बेलच्या वायरसाठी ३१ मिक्सचा टोरॉइड (वायर गुंडाळायची फेराइटची कडी) आणलाय. ७ मेगाहर्ट्झला एका वेढ्याने भागत नाही हे माहीत आहे, पण किती वेढे पुरतात? आणि बेलच्या दोन टोकांत ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला तर बटण दाबल्यावर बेल नेहमीसारखी वाजेल ना? आजींचा सगळा भरवसा त्या बटणावर आहे, तिथे प्रयोग नको. साउंडबार तर उघडणारच नाही, बाहेरून वायरींवर फेराइट लावून जे होईल ते.

काकूंनी रविवारी सकाळी बोलावलंय. त्याआधी कोणी सांगितलंत तर सामान आणून ठेवतो.